पदकं कान्सला, पाट्या दादरला : मुंबईतली जाहिरात फुटपाथवरून कशी दिसते?

खिडकीतली_सीट

मंडळी,

दर जूनला फ्रान्सात कान्सला जाहिरातवाल्यांची जत्रा भरते, सिंह (तिथली पदकं) वाटले जातात आणि इकडे लोअर परळपासून गोरेगावपर्यंत केक कापले जातात. कापावेत. मी स्वतः एका लहान डिझाइन स्टुडिओत आहे (जाहिराती नाही, पुस्तकं आणि पॅकेजिंग) आणि मला एक खोडसाळ परीक्षा घ्यायची सवय आहे : बक्षीस मिळालेलं काम मुंबईच्या फुटपाथवर उभं राहून दिसतं का?

२०२२ घ्या. भारताला कान्सला एवढं घबाड त्याआधी कधीच मिळालं नव्हतं. डेन्ट्सूच्या बंगळुरूच्या मंडळींनी 'अनफिल्टर्ड हिस्टरी टूर' केली. ब्रिटिश म्युझियममधल्या लुटीच्या वस्तूवर फोन धरायचा, की ती जिथून उचलून नेली तिथला माणूस तिची गोष्ट सांगतो. मुंबईच्या व्हीएमएलवाय अँड आरने मॅक्स फ्लॅश या डासांच्या कॉइलसाठी 'किलर पॅक' केलं. रिकामं खोकं कचऱ्यात गेलं की त्यातले जिवाणू डासांच्या अळ्या मारणार. मुंबईच्याच लिओ बर्नेटचा व्हिस्परसाठी 'मिसिंग चॅप्टर', म्हणजे शाळेच्या पुस्तकात कधीच नसलेला पाळीचा धडा. तिन्हींना ग्रां प्री, म्हणजे विभागातलं सर्वोच्च पदक. तिन्हींत डोकं आहे, वादच नाही. पण मी ही तिन्ही कामं पाहिली ती यूट्यूबवर, दोन मिनिटांच्या केस फिल्ममध्ये (परीक्षकांना काम समजावणारी फीत), गंभीर इंग्रजी निवेदन आणि पियानोसकट.

त्याउलट २०२१ची दिवाळी आठवा. कॅडबरीसाठी ओगिल्वीने शाहरुखचा चेहरा आणि आवाज यंत्राकडून घडवून घेतला आणि कुठल्याही छोट्या दुकानदाराला आपल्या दुकानाचं नाव शाहरुखच्या तोंडी घालायची सोय करून दिली. आमच्या गल्लीतल्या स्टेशनरीवाल्याने ती स्टेटसला लावली होती! पुढच्या वर्षी तिला टायटेनियम लायन मिळाला हे त्याला आजही ठाऊक नसेल, आणि त्याचं काही अडलेलंही नाही. ही माझ्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास.

२०२५ची 'लकी यात्रा' मात्र सीमारेषेवर. एफसीबी इंडियाची कल्पना : मध्य रेल्वेच्या लोकलचं तिकीट हेच लॉटरीचं तिकीट. रोज एका प्रवाशाला १०,००० रुपये, आठवड्याचं मोठं बक्षीस ५०,०००चं. फुकट्या प्रवाशाला दंडाची भीती घालून झाली, आता जरा लालूच दाखवून बघू, हा विचार अस्सल मुंबईचा आहे. पीआर विभागात ग्रां प्री मिळालं. रोज डोंबिवली करणाऱ्या किती जणांना ते आठवतं, ते इथे कळेल अशी आशा आहे.

आता माझा मुद्दा. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या रस्त्यावर डोळ्यांना दिसेल असा खरा बदल कुठे झाला असेल तर तो अक्षरात. पूर्वी मराठी होर्डिंग म्हणजे इंग्रजीचं भाषांतर, तेही मिळेल त्या फाँटात कोंबलेलं. आता पाट्या बघा, दुधाच्या पिशव्या बघा, बँकांच्या जाहिराती बघा. देवनागरीला वजन आलंय, हाताचं वळण आलंय. याचं श्रेय मी एजन्स्यांना देणार नाही. ते अक्षरं घडवणाऱ्यांना द्यायला हवं, आणि थोडंसं (हसू नका) सर्वोच्च न्यायालयाला.

तुम्हाला काय दिसतं? मुंबईत अलीकडे पाहिलेलं, डोक्यात राहिलेलं काम सांगा. टीव्ही चालेल, रील चालेल, पण भिंतीवरचं असेल तर उत्तम.

---

तिरकस

डोक्यात राहिलेलं काम : "आमचे मार्गदर्शक, युवकांचे आशास्थान, भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा." खाली तेहतीस शुभेच्छुक, सगळ्यांचे गॉगल एकाच दुकानातले. याला कान्सला पाठवा.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

लकी यात्रा आठवते. आमच्या डब्यात चर्चा झाली होती. पासवाल्यांनी काय घोडं मारलंय, त्यांनाही मिळणार का, यावर कल्याण ते घाटकोपर वाद. म्हणजे जाहिरात पोचली म्हणायची. कोणाला बक्षीस लागलं असं आमच्या ग्रुपात तरी कोणी नाही.

---

पाटीवाला

धागा वाचून लिहायला बसलो, कारण सर्वोच्च न्यायालयाचं श्रेय खरंच आहे. माझं पाट्यांचं दुकान आहे, दादर पश्चिमेला.

आधी मागचं सांगतो. मराठी पाटीचा कायदा जुनाच. २०२२ला दुरुस्ती करून दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेली दुकानंही त्यात घेतली. मराठी देवनागरीत हवं, आणि इतर भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान नको. व्यापारी कोर्टात गेले. २५ सप्टेंबर २०२३ला न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं आणि २८ नोव्हेंबरपासून पालिकेची माणसं दुकानोदुकानी फिरायला लागली. त्या दोन महिन्यांत आमच्या धंद्यात कोणी झोपलं नाही. दसरा-दिवाळीची गर्दी आणि वर ही.

आता गंमत. इंग्रजी पाटी करणं सोपं का असतं? A वेगळा, B वेगळा. प्रत्येक अक्षराचा स्वतंत्र डबा, आत एलईडी, मागे वायर, एखादं बिघडलं तर तेवढंच काढायचं. देवनागरीत शिरोरेषा आली की अख्खा शब्द एकच तुकडा. 'महालक्ष्मी ज्वेलर्स' लिहायचं तर आठ-दहा फुटांचा सलग डबा, तो रिक्षात बसत नाही, टेम्पो करावा लागतो. शीट वाया जाते ती वेगळीच. शिवाय अनुस्वार सुटा, त्याला वेगळी वायर. रात्री रस्त्याने जाताना बघा, निम्म्या पाट्यांवर अनुस्वार विझलेला दिसेल. 'आनंद'चा 'आनद' झालेला असतो तो असा. मालकाला सांगितलं तर म्हणतो, लोकांना कळतंय ना, राहू दे.

दुसरी भानगड फाँटची. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर नाव पाठवतं. आमच्याकडचा ऑपरेटर श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरात टाइप करून, कर्व्ह करून (म्हणजे अक्षराची नुसती बाह्यरेषा करून) राउटरवर, म्हणजे कापायच्या मशीनवर टाकतो. त्याचा हात त्यावर बसलेला आहे. युनिकोडमधली (मोबाइल-इंटरनेटवर चालते त्या टायपिंगची) फाइल कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडली की रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. 'सर्व' लिहायला जावं तर र् सुटा होऊन बाजूला उभा. घाईच्या दिवसांत अशा पाट्या मुंबईभर लागल्या. माझ्या दुकानातून एकही नाही हे अभिमानाने सांगतो, कारण आमचे वडील ब्रशवाले होते आणि रफार चुकला की स्केल फेकून मारायचे.

पण एक फरक पडलाच. आधी गिऱ्हाईक म्हणायचं, "मराठी कोपऱ्यात टाका छोटंसं, कायद्यापुरतं." आता मराठी तेवढंच मोठं करायचंय म्हटल्यावर ते कसं दिसतंय हे त्याला बघावं लागतं. मोठ्या ब्रँडवाल्यांची तर फाइल तयार येते, त्यांच्या इंग्रजी लोगोच्या वळणाला जुळवलेली देवनागरी. काही फारच सुरेख. कापताना मजा येते. मागे एका कॅफेची आली होती, त्यातल्या 'फ'चा काटा इतका नेमका की मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

---

खिडकीतली_सीट

@पाटीवाला, अनुस्वाराची वायर! हे आम्हाला स्टुडिओत बसून जन्मात कळलं नसतं. वेगळा धागा काढा या विषयावर.

---

कर्निंगकन्या

पाटीवाले दादा, मनापासून नमस्कार.

रफार उडण्याचं कारण : देवनागरीची अक्षरं एकमेकांना धरून बसवायला आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये) वेगळं यंत्र लागतं. इलस्ट्रेटर-फोटोशॉपमध्ये ते आहे, पण प्राधान्यक्रमात जाऊन भारतीय लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. मुंबईतल्या निम्म्या कंपन्यांत ते कोणी करतच नाही. डिझायनर इंग्रजी माध्यमाचा, त्याला चूक दिसत नाही. क्लायंट गुरगावचा, त्यालाही नाही. आणि पन्नास फुटी होर्डिंगवर आपण 'मार्ग'चा 'मार् ग' वाचतो.

दुसरं, 'ल' आणि 'श'. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा, हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे उभा दांडा. राज्य सरकारने २००९ साली मराठी वर्णमालेचा शासननिर्णय काढला, त्यात मराठी वळणाचे ल आणि श कायम केले. आपण शाळेत तेच गिरवलेत. बऱ्याच चांगल्या फाँटांत दोन्ही वळणं आत भरलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी रूप आपोआप येतं. तेही कोणी सांगत नाही. मग दिवाळीचा 'ल' दिल्लीचा येतो.

खिडकीतली_सीटचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्याची पाळंमुळं आपल्या मुंबईतच आहेत. 'एक टाइप' हा अक्षरं घडवणारा इथलाच गट. 'मुक्त', 'बलू', 'मोदक', 'अनेक' हे त्यांचे फाँट. 'अनेक' २०२२ला आला, नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, सगळ्या एका घराण्यातल्या वाटाव्यात अशा आणि जाडी-रुंदी हवी तशी ताणता येणाऱ्या. मोदक बघितला नसेल तर बघा, इतका गुबगुबीत की अक्षरांच्या पोटातल्या जागा जेमतेम फटीएवढ्या उरतात आणि तरी वाचता येतो. देवनागरीत असं काही करायची छाती आधी कोणाची झाली नव्हती, निदान छापील फाँटात.

तक्रारही करते. बलूचा आता अतिरेक झालाय. बालवाडी बलू, डेअरी बलू, मूळव्याधीचा दवाखानाही बलू. फुकट आणि गोड असला की हेच होतं. बिचाऱ्या फाँटचा दोष नाही.

---

जेजेचा_जुना

मी जेजे कला महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा तुमच्यातले बरेच जण जन्मले नसतील. तेव्हा आम्हाला 'कमर्शियलवाले' म्हणायचे, फाइन आर्टची मुलं जरा नाक वर करूनच. हा विभाग १९३५चा, १९६१ला त्याची स्वतंत्र संस्था झाली आणि नाव उपयोजित कला. नाव बदललं तरी नाकं तिथंच राहिली.

खिडकीतली_सीट, तुम्ही म्हणता अक्षरात बदल गेल्या दहा-बारा वर्षांतला. थोडं मागे या. र. कृ. जोशी उल्का या जाहिरात एजन्सीत होते, जाहिरातीच्या ऐन धबडग्यात बसून देवनागरीचा विचार करत होते. पुढे पवईला आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन विभागात, शिकवायला गेले. तुमच्या विंडोजमधला 'मंगल' फाँट त्यांचा. आज ज्याला त्याला मंगल सरकारी वाटतो, पण पडद्यावर देवनागरी नीट बसत नव्हती त्या काळात तो बसवून दाखवला ही लहान गोष्ट नव्हे. २००८ला ते गेले. रुपयाचं चिन्ह २०१०चं, तेही आयडीसीत पीएचडी करणाऱ्या उदयकुमारांचं. आणि अच्युत पालव, ज्यांना २०२५ला पद्मश्री मिळाली, त्यांनी मोडी लिपी धुंडाळून त्यातलं वळण देवनागरीत आणलं. ही सगळी एकाच झाडाची फळं आहेत, आणि झाडाला पाणी घालणाऱ्यांत जाहिरातधंदा होता. तेव्हा एजन्स्यांना श्रेयच नाही हे काही मला पटत नाही.

पण माझ्या मते या शहरातला सगळ्यांत मोठा मराठी जाहिरात-कलावंत एजन्सीच्या चौकटीबाहेर गाजला. कमल शेडगे. टाइम्सच्या कलाविभागात नोकरी आणि रात्री नाटकांच्या जाहिराती. वर्तमानपत्रात तीन कॉलमी, कधी दोनच इंचांची जागा. चित्र नाही, फोटो नाही, नुसतं नाटकाचं नाव. आणि त्या नावाच्या अक्षरांतून कळायचं की हे ऐतिहासिक आहे, फार्स आहे, का रडवणारं आहे. एखाद्या काने-मात्रेची तलवार व्हायची, एखादा उकार कुत्र्याच्या शेपटीसारखा वळायचा. पानावर पंचवीस जाहिराती असायच्या आणि शेडग्यांची लांबून ओळखू यायची. आम्ही विद्यार्थी रविवारचा पेपर कापून ठेवायचो आणि ट्रेसिंग ठेवून गिरवायचो. ब्रोमाइड, कटर, रबर सोल्यूशन, बोटांना कायम वास. ते २०२०ला गेले, टाळेबंदीच्या दिवसांत.

त्यांना कुठला सिंह मिळाल्याचं मला आठवत नाही. पण दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाबाहेर उभा राहून निर्माता शेडग्यांच्या अक्षरावर बुकिंगचा अंदाज बांधायचा, हे मी कानांनी ऐकलेलं आहे.

---

तिरकस

काका, जोरदार. वाचनखूण साठवली.

---

कॉपीचा_कप

मी दुसऱ्या बाजूची. एका मोठ्या एजन्सीत कॉपी लिहिते (नाव सांगणार नाही, पगार तिथूनच येतो). तुमच्या फुटपाथ परीक्षेवर माझा आक्षेप आहे.

पहिला आक्षेप : फुटपाथवर न दिसणारं काम खोटं नसतं. २०१५ला बीबीडीओ इंडियाच्या व्हिस्परच्या 'टच द पिकल'ला कान्सच्या ग्लास विभागाची (स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धच्या कामांसाठीचा) ग्रां प्री मिळाली. पाळीत लोणच्याला हात लावायचा नाही, हे आपल्या किती घरांत होतं सांगू? ती मोहीम टीव्हीवर, फोनवर, बायकांच्या गप्पांत फिरली. माझ्या आत्याने त्यानंतर बरणी स्वतः माझ्या हातात दिली. होर्डिंगवर ती नसेल तर नसेल. ओगिल्वीने सॅव्हलॉनसाठी केलेले खडू घ्या : पाटीवर लिहिताना मुलांच्या हाताला खडूची भुकटी लागते, तिच्यातच साबण, जेवायच्या सुट्टीत हात नळाखाली धरले की फेस. ते शाळांमध्ये होतं, दादरच्या पुलावर कसं दिसणार?

दुसरं. खोट्या कामाचा राग आम्हालाही आहे, तुमच्यापेक्षा जास्त. धंद्यात त्याला 'स्कॅम' म्हणतात : क्लायंटने न मागितलेली, कुठेच न छापलेली, फक्त परीक्षकांसाठी केलेली जाहिरात. २०१३ला फोर्ड फिगोच्या अशाच पोस्टरांवरून जगभर शोभा झाली होती. २०२५ला तर ब्राझीलच्या डीएम९ या एजन्सीला ग्रां प्री परत करावं लागलं, केस फिल्ममध्ये बनावट दृश्यं घुसवल्याचं उघड झालं म्हणून. एआय आल्यापासून केस फिल्म रंगवणं पोरखेळ झालाय. जिथे गर्दी नव्हती तिथे गर्दी, बातमी नव्हती तिथे बातमी. आता पुढच्या प्रवेशिकांना कडक तपासणी आहे, बरंच झालं.

तिसरं, आणि हे खरं दुखणं. मराठी जाहिरात का वाईट असते? कारण ती मराठीत कोणी लिहितच नाही. ब्रीफ इंग्रजीत. कल्पना हिंग्लिशमध्ये. शूट हिंदीत. मग रात्री अकराला भाषांतर विभागाला मेल : "उद्या सकाळी नऊला मराठी, गुजराती, तामिळ, तेलुगू, बंगाली." ओठ हिंदीला जुळलेले, त्यामुळे मराठी वाक्य तेवढ्याच मापाचं कापायचं. "तुमच्या केसांना द्या पोषणाची शक्ती" असली वाक्यं कोणी बुद्धी गहाण ठेवून लिहीत नाही, वेळ गहाण पडलेला असतो. मी एकदा एका मसाल्याच्या जाहिरातीसाठी मराठीतच मूळ लिहून दाखवलं होतं, दोन जावांचा संवाद. मीटिंगमधल्या सगळ्यांना आवडलं. मग कोणीतरी विचारलं, "पण हे हिंदीत कसं होईल?" संपलं.

पियुष पांडे गेले ऑक्टोबर २०२५मध्ये, तेव्हा आमच्या मजल्यावर दिवसभर काम झालं नाही. त्यांच्या फेविकॉलच्या बसची सगळे आठवण काढत होते. टपापर्यंत माणसं लटकलेली, खड्ड्यातून जाते आणि एकही पडत नाही. संवाद नाही. ते १९८२ला ओगिल्वीत आले तेव्हा इथली जाहिरात इंग्रजीत विचार करायची, त्यांनी तिला हिंदीत विचार करायला लावलं. छान. तेच मराठीत करणारा मोठा माणूस आमच्या धंद्यात झाला नाही. झाले ते आर्टमध्ये : ओनिडाचा सैतान गोपी कुकड्यांचा, एअर इंडियाच्या महाराजाची कल्पना १९४६ला बॉबी कुकांची, चित्र मात्र उमेश रावांचं. मराठी माणूस चित्र काढायला, कॉपी दुसऱ्याची. ही वाटणी कोणी केली, हा प्रश्न मी जेजेच्या काकांना विचारते.

---

जेजेचा_जुना

कॉपीताई, प्रश्न झोंबला, म्हणजे बरोबर आहे.

उत्तर माझ्यापरीने : एजन्सीची भाषा इंग्रजी होती. फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंट. लिंटास ही एजन्सी साबणवाल्या लिव्हर कंपनीच्या पोटातून आलेली. गिरगाव-परळचा मुलगा जेजेत यायचा तो हाताच्या जोरावर. इंग्रजी वाक्य तोंडातून निघेपर्यंत मीटिंग संपलेली असायची. म्हणून तो ड्रॉइंग बोर्डवर. कॉपीरायटर कॉन्व्हेंटचा. भरत दाभोळकरांसारखा एखादा दोन्हीकडे पाय ठेवणारा, त्यांनी अमूलच्या होर्डिंगवर हिंग्रजी खेळवली. बाळ मुंदकुरांनी १९६१ला उल्का काढली ती मात्र इथल्या मातीतली. गंमत बघा, आता ऑम्निकॉम या अमेरिकी जाहिरात-समूहाने आयपीजी हा दुसरा समूह घेतल्यावर एफसीबी (उल्का पुढे यांच्यातच गेली), डीडीबी, मलनलो ही एजन्स्यांची नावं जगभर मोडीत काढायचं ठरलंय. आम्ही ज्या पाट्यांकडे बघून मान ताठ करायचो त्या एकेक करून उतरताहेत.

अमूल तेवढी टिकून. १९६६पासून तीच पोरगी, तेच ठिपक्यांचं फ्रॉक. सिल्व्हेस्टर दा कुन्हांची कल्पना, युस्टेस फर्नांडिसांचं चित्र. ती तुमच्या फुटपाथ परीक्षेची गुणवत्ता यादीतली विद्यार्थिनी. बक्षीस मिळालं की नाही विचारायची गरजच पडत नाही.

---

खिडकीतली_सीट

@कॉपीचा_कप, लोणच्याचा मुद्दा मान्य, माझी परीक्षा तिथे अपुरी पडते. फुटपाथऐवजी "केस फिल्म न बघता कळलं का" असं म्हणू. त्यात लोणचं पास, खडू शाळेतल्या मुलांपुरते पास, बाकीच्यांनी ऑक्टोबरला बसावं.

मसाल्याची ती जावांची जाहिरात इथे टाकता येईल का? नाव बदलून?

---

कॉपीचा_कप

करारात बसत नाही हो. भेटलात तर वाचून दाखवेन, वडापाव तुमच्याकडून.

---

चेडानगरकर

सगळं कौतुक चाललंय, मधेच कडू बोलतो. मी घाटकोपरला छेडानगरच्या सिग्नलजवळ राहतो. १३ मे २०२४, दुपारचं वादळ. पेट्रोलपंपावर जे होर्डिंग कोसळलं ते १२० बाय १२० फुटांचं. पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४०. सतरा माणसं गेली. डोक्यात राहिलेलं काम विचारलंत, तर माझ्या डोक्यात तो लोखंडाचा सांगाडा आहे.

त्यावर जाहिरात कोणाची होती हे मला आठवतसुद्धा नाही. डिझायनर मंडळी मापाबद्दल काही बोलतात का कधी? "मोठं करा, अजून मोठं करा" हे क्लायंट म्हणतो, पण फाइल तर तुम्हीच देता.

---

कर्निंगकन्या

@चेडानगरकर, बोलायला हवं, आणि बहुतेक जण बोलत नाहीत हे खरं. फाइल दहापट लहान करून पाठवतो, सांगाडा कोण उभारतो, परवानगी कोणाची, आमच्यापर्यंत येतच नाही. मी हल्ली जागेचा फोटो आणि परवान्याची प्रत मागते. दोन कामं त्यामुळे गेली. जाऊ देत.

डिजिटल पडद्यांचंही तेच. वांद्र्याच्या सिग्नलला रात्री इतका प्रकाश मारतात की लाल दिवा शोधावा लागतो. हलतं चित्र म्हणजे सर्जनशील, हे समीकरण कोणी मांडलं कोण जाणे.

---

तिरकस

गंभीर झालो. पण भाऊंच्या बॅनरवर मला खरंच बोलायचंय. ती या शहरातली एकमेव मूळ मराठीत लिहिली जाणारी जाहिरात आहे! कोणीही ती हिंदीतून भाषांतरित करत नाही. "वाघ", "कार्यसम्राट", "झंझावात", सगळं अस्सल. छातीएवढा फोटो भाऊंचा, तिकिटाएवढे कार्यकर्ते, वर नेते पदानुसार उतरत्या मापात. ही उतरंड ज्याला जमली त्याला दृश्यरचना शिकवायला नको. कोर्ट उतरवायला सांगतं, रात्रीत परत लागतो, हा भाग वेगळा. बेकायदा आहे, नकोच आहे. पण कॉपीताईंनी त्या फ्लेक्सवाल्याला नोकरीवर घ्यावं.

अलीकडे मात्र तिथेही एआय शिरलंय. गेल्या गणपतीत आमच्या नाक्यावर भाऊ सिंहावर बसलेले, मागे बाप्पा, आणि वर काहीतरी लिहिलेलं जे लांबून मराठी दिसतं आणि जवळ गेलं की कुठलीच भाषा नाही. शिरोरेषा आहे, तिला लोंबणारे आकडे आहेत, अक्षर एकही नाही. दहा दिवस ते कमानीवर होतं. कोणाला काही वाटलं नाही.

---

कर्निंगकन्या

हे मी पण पाहिलंय. चित्र बनवणारी यंत्रं अक्षराला नक्षी समजतात. आता सुधारतंय, छोटे शब्द बरे येतात, जोडाक्षर आलं की अजून घसरतात. आमच्याकडे नियम आहे, चित्र कशातूनही आणा, अक्षर हातानेच बसवायचं.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

अवांतर : ते टॅक्सीच्या छताला आतून कापड लावायचे ना, प्रत्येक टॅक्सीचं वेगळं डिझाइन? कुठे गेलं ते?

---

खिडकीतली_सीट

टॅक्सी फॅब्रिक. २०१५चं. तरुण चित्रकारांकडून सीट-छताचं कापड करून घ्यायचे, टॅक्सीवाल्याच्या गप्पांतून विषय निघायचा. ती काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीच ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून कायमची हटली. मी अशा एका टॅक्सीत बसलो होतो, फोर्ट ते भायखळा, वर बघत. मीटरकडे लक्षच गेलं नाही.

---

पाटीवाला

कर्निंगताई, तो मोदक आमच्या धंद्यात चालेल का? एका आइस्क्रीमवाल्याला जाडजूड अक्षर हवंय. पैसे भरावे लागतात का, आणि किती?

---

कर्निंगकन्या

दादा, काही नाही. गूगल फाँट्सवरून उतरवा, खुला परवाना आहे, धंद्यासाठीही चालतो. फक्त फाँट म्हणून तो विकायचा नाही. श्रीलिपीत टाइप केलेलं त्यात चालणार नाही, युनिकोडमध्येच टाइप करा, आणि नव्या आज्ञावलीत कर्व्ह करून मग तुमच्या कोरलला द्या.

---

पाटीवाला

उतरवला. 'आइस्क्रीम' लिहून बघितलं, स्क्रीवरची वेलांटी झकास बसते. पण 'म'च्या पोटातली फट फार बारीक आहे, राउटरचं नेहमीचं बिट (कापायचं पातं) आत शिरणार नाही. दोन फुटी अक्षर घेतलं तर जमेल. गिऱ्हाईकाला सांगतो, पाटी मोठी करावी लागेल. (चेडानगरकर, चाळीस फुटांच्या आत आहे, काळजी नको.)